नाताळ अजून आलेला नाही

सर्व वाचकांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

डिसेंबरच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत या खेपेला तक्रारीच जास्त आहेत. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला, वेदीवरून शांतीचे संदेश सुरू झाले, आणि आपल्या घरात मात्र तिचा पत्ता नाही, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आखूड केलाय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जन्म मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग करण्यात गेला आणि रविवारी संडे स्कूल घेण्यात. उत्तरं त्या बेतानं घ्यावीत.

पिंपरीहून एक भगिनी लिहितात:

«बाई, माझे मालक ऑगस्टमध्ये गेले. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. आता घरात सासूबाई, मी आणि धाकटा मुलगा. मंडळीतल्या बायका भेटल्या की म्हणतात, ‘ते प्रभूजवळ आहेत, रडता कशाला, विश्वासात कमी पडू नका.’ आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती पेटवतात, दुसऱ्या रविवारची शांतीची. ती पेटवायला पाळकसाहेबांनी मला बोलावलंय. मनात शांती नाही आणि मेणबत्ती मी पेटवायची, हा खोटेपणा नाही का? घरावर तारा लावावा का, हाही प्रश्न आहे. सासूबाई म्हणतात, पहिलं वर्ष आहे, नको. मुलगा काही बोलत नाही, पण त्यानं माळ्यावरचा ताऱ्याचा खोका खाली काढून ठेवलाय. रात्री तीनला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही.»

ताई, शेवटचं आधी घेते, कारण ते माझ्या कामातलं आहे. दोन वर्षं ज्या बाईचा कान नवऱ्याच्या श्वासाकडे लागलेला होता, तिचा कान चार महिन्यांत झोपायला शिकत नाही. याला अविश्वास म्हणत नाहीत. दुपारनंतर चहा बंद करा, रक्तदाब, साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. जेवण जात नसेल, उठावंसंच वाटत नसेल आणि हे आठवड्यामागून आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगणं नको असं कधी मनात आलं तर त्याच घटकेला घरच्यांना उठवा, किंवा १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फिरवा; पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आमच्या दवाखान्यात राउंडच्या आधी प्रार्थना व्हायची आणि राउंडला गोळ्या वाटल्या जायच्या. दोन्हींचं एकमेकींशी कधी वाकडं आलं नाही.

तीन ते पाच ही वेळ वॉर्डात सगळ्यात अवघड. ज्याला झोप नाही तो पेशंट दर दहा मिनिटांनी विचारतो, ‘सिस्टर, किती वाजले?’ पेशंटशेजारच्या लोखंडी स्टुलावर त्याची बायको नाहीतर आई बसलेली असते, सलाईनचे थेंब मोजत. पहाट लवकर आणणं तिच्या हातात नसतं. पण ती रिकामी बसलेली नसते. कापसाचा बोळा ओला करून त्याचे ओठ ओले करते, चादर सारखी करते, बाटली संपत आली की मला हाक मारते. स्तोत्रसंहितेतलं १३० वं स्तोत्र काढा. खोल खड्ड्यातून हाक मारणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र आहे, आणि पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी त्यात लागोपाठ दोनदा येतात. मला वाटतं, लिहिणाऱ्यानं कधीतरी रात्रपाळी केलेली असणार. आगमनकाळ आहे तो याच लोकांसाठी. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांना हे चार आठवडे नुसते तयारीचे जातात. तुम्हाला ते तुमचे वाटले पाहिजेत.

आता त्या ‘रडू नका’ म्हणणाऱ्या बायका. त्यांचं मन वाईट नाही, पण त्यांनी मत्तयाचा दुसरा अध्याय पुरता वाचलेला नाही. पूर्वेकडचे ज्ञानी, ते मागी लोक येऊन गेले, हेरोद राजानं बेथलेहेमातली बाळं मारली, आणि तिथे मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे शब्द आणतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि ती सांत्वन पावेना. नाताळच्या गोष्टीत ती बाई तशीच उभी आहे. तिला कोणी गप्प केलं नाही, तिच्या विश्वासाची मापं काढली नाहीत. मेलेला लाजर उठणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तेराव्या स्तोत्रात ‘कुठवर’ हा प्रश्न देवाला एकदा नाही, चारदा विचारलाय. देवासमोर बसून भांडलेलं हे सगळं आपल्या पवित्र शास्त्रात छापलेलं आहे, आणि आपण मात्र दुःखी माणसाला भक्तीला येताना तोंड धुऊन ये म्हणतो.

मेणबत्ती पेटवा, असं माझं मत आहे. पेटवणाऱ्याच्या मनात शांती आहे याचा दाखला म्हणून ती पेटवत नाहीत. तिसऱ्या रविवारचं बघा. तो आनंदाचा रविवार, बऱ्याच ठिकाणी गुलाबी मेणबत्तीचा. उपासनेतल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या पाठक्रमात एका वर्षी त्या दिवशी वाचन येतं ते मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि शिष्यांना पाठवून विचारतो, जो येणार होता तो तुम्हीच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहायची? ज्यानं यार्देनेवर साऱ्या लोकांना वाट दाखवली त्यालाच शंका आली. येशू त्याला रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकवली जाते, एवढा निरोप धाडला, आणि लोकांकडे वळून योहानाची थोरवी सांगितली. तुरुंगाचं दार काही उघडलं नाही. पुढे योहानाचा शिरच्छेद झाला, ते तुम्हाला माहीत आहे. आनंदाच्या रविवारी हे वाचायला ठेवणाऱ्यांना आनंद म्हणजे काय ते चांगलं कळलेलं होतं.

«मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही» हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातलं येशूचं वचन आपल्याकडे घरोघर भिंतीवर असतं. ते कोणत्या रात्रीचं आहे तेवढं मात्र लिहिलेलं नसतं. येशूला धरून नेण्याच्या आदल्या घटकांतलं ते बोलणं आहे. धरून देणारा यहूदा उठून गेलेला, बाकीचे शिष्य घाबरलेले, कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील हे पेत्राला नुकतंच सांगून झालेलं. एकही गोष्ट मार्गी लागलेली नसताना त्यानं ती शांती त्यांच्या हवाली केली. म्हणून म्हणते, आधी मन शांत होऊ दे मग मेणबत्तीला हात लावीन, असं थांबू नका. हात थरथरला तर मुलाला काडी धरायला सांगा. नाहीच जमलं, तर पाळकसाहेबांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, ‘मी बाकावर बसून ऐकते.’ त्यातही काही बिघडत नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण येते. मनोरमा ही त्यांची एकुलती लेक. मुक्तीमिशन या त्यांच्या आश्रमाचा सगळा भार पुढे तिच्यावर यायचा होता. जुलै १९२१ मध्ये ती गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मध्ये नाताळ एकच आला. त्या काळातही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी खाली ठेवलेलं नव्हतं, आश्रमातल्या बायकामुली होत्याच. लेकीचं दुःख आवरून मग कामाला लागल्या असं त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. तुम्हीही मुलाचा डबा भरताच आहात की.

तारा लावा. तुम्हाला हवा म्हणून नाही, मुलानं खोका काढलाय म्हणून. त्या पोरानं तोंडानं जे विचारलं नाही ते खोका काढून विचारलंय. सासूबाईंचा मान ठेवायचा तर फराळ करू नका, नवे कपडे घेऊ नका. शेजारून आलेली करंजी मात्र परत करू नका. कॅरलवाल्यांना आधीच निरोप द्या. आमच्या मंडळीत दुखवट्याच्या घरी पोरं ढोलकी बाहेरच ठेवतात, एक गीत म्हणतात, प्रार्थना करतात, चहा न घेता निघतात. तुमच्याकडची पोरंही करतील, सांगायला मात्र हवं. न सांगता ती रात्री साडेबाराला टाळ-ढोलकी घेऊन दारात उभी राहतील आणि मग त्यांचीही पंचाईत.

जालन्याहून मंडळीचे एक वडील विचारतात:

«आमच्या तरुण संघानं यंदा हिरव्या पानांचं कडं करून त्यात मेणबत्त्या लावल्या. जुन्या सभासदांचं म्हणणं, ही रोमन कॅथलिक रीत, आपल्या मिशननं कधी शिकवली नाही. आगमनकाळ आपला आहे का? की नाताळचा भपका एक महिना आधीच सुरू करायची ही नवी टूम?»

वडील, कडं तुमचंच आहे. योहान हिनरिच विखर्न नावाचे लुथरन पाळक जर्मनीत हाम्बुर्गला गरीब, रस्त्यावरच्या मुलांसाठी एक आश्रम चालवत. मुलं रोज विचारून भंडावायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर वीस लहान तांबड्या मेणबत्त्या वारांच्या आणि चार मोठ्या पांढऱ्या रविवारच्या अशा बसवल्या, आणि रोज एक पेटवू लागले. लहान मेणबत्त्या पुढे गळाल्या, चार मोठ्या राहिल्या, आणि प्रॉटेस्टंटांकडून ही रीत कॅथलिकांकडे गेली. म्हणजे उधारी कोणी कोणाची केली, ते जुन्या सभासदांना सांगा.

काळ मात्र त्याहून कितीतरी जुना आणि सगळ्यांचा. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी तो सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो, म्हणून तो कधी बावीस दिवसांचा तर कधी अठ्ठावीस दिवसांचा. केरळचे सीरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवस उपास धरतात, मांसमासळीला शिवत नाहीत. पुण्यामुंबईत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर विचारून बघा. आणि आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म कधीचा? २९ नोव्हेंबर १९७०, नागपूर. तो रविवार आगमनाचा पहिला रविवार होता. आता ‘आपल्यात नव्हतं’ कसं म्हणायचं?

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मी तुमच्या बाजूची आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ‘प्री-ख्रिसमस’ होतो. मग महिला मंडळाचा नाताळ, तरुण संघाचा नाताळ, संडे स्कूलचा नाताळ, शाळेचा, दवाखान्याचा, कोणा नगरसेवकाचा. प्रत्येक ठिकाणी केक, प्रत्येक ठिकाणी कापसाची दाढी लावलेला सांता, प्रत्येक ठिकाणी मरिया झालेली तीच मुलगी. पंचवीस तारखेला सकाळच्या उपासनेत अर्धी मंडळी पेंगत असते आणि सव्वीसला तारे उतरवायला घेतात. वास्तविक सण पंचवीसला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. आपण तो सुरू व्हायच्या आधीच संपवून टाकतो. लोक मला लिहितात की बाई, नाताळात शांती मिळाली नाही. मिळेल कशी? तिच्यासाठी जे चार आठवडे राखून ठेवले होते त्यांत आपण स्पीकर लावला.

म्हणून तरुण संघाला शाबासकी द्या आणि एक अटही घाला. कड्यावरची मेणबत्ती पेटेल तेव्हा मागे संगीत नको, निवेदन नको, मोबाइलनं फोटो नको. यशया संदेष्ट्याचे चार शब्द वाचा, आणि घड्याळ लावून तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. तीन मिनिटं मंडळीला गप्प बसवणं काय असतं ते एकदा अनुभवाच. पहिल्या रविवारी खोकल्याची साथ येते. देखाव्यातली गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. बाळ कपाटात. लहान मुलं विचारतील, बाळ कुठंय? विचारू द्या, विखर्नसाहेबांची मुलंही हेच विचारत होती. आणि हो, कड्यासाठी वर्गणी काढू नका. तुमच्या जालन्यात मोसंबीच्या बागा आहेत, पानं फुकट मिळतील.

राहुरी तालुक्यातून एक बंधू:

«आम्ही तिघं भावंडं. वडील पाच वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. चार एकर जमीन आहे. थोरल्यानं परस्पर फेरफार करून घेतला, मी कोर्टात गेलो. आई थोरल्याकडे असते. आम्ही दोघं एकाच मंडळीत. मी डाव्या बाकांवर बसतो, तो उजव्या. प्रभुभोजन दोघंही घेतो. पहिल्या आगमन रविवारी संदेशात सांगितलं, भांडण मिटवा तर शांती मिळेल. मी केस मागे घ्यावी का? निम्मी जमीन मिळावी एवढंच माझं म्हणणं आहे.»

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या ओळीत भावंडं तीन आहेत, शेवटच्या ओळीत जमीन निम्मी आहे. तिसरं भावंड मध्येच कुठे गेलं? बहीण असणार. तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतलाय, की घ्यायचा बेत आहे?

आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश विधवेचा, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखे. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालं न झालं विचारत नाहीत. तुमच्या घराचा हिशेब मांडते: नऊ वाटे केले तर तीन आईचे आणि प्रत्येक भावंडाचे दोन. चार एकर म्हणजे १६० गुंठे. तुम्ही ८० मागताय, तुमच्या वाट्याला येतात साधारण साडेपस्तीस. थोरल्यानं सगळे घेतले तेव्हा त्यानं तुमचे घेतले, हे खरं. पण तुमचा निम्म्याचा दावाही आईच्या आणि बहिणीच्या वाट्यातूनच जातो. वकिलाकडून खात्री करून घ्या. मी नर्स आहे, पण एवढा भागाकार येतो.

आता पवित्र शास्त्र. लूकच्या बाराव्या अध्यायात अगदी तुमचाच भाऊबंद भेटतो. गर्दीतून एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू साफ नकार देतो: मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? म्हणजे तलाठ्याचं काम त्यानं अंगावर घेतलं नाही. पण तसाच सोडलाही नाही. लोभापासून सांभाळा म्हणाला आणि कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. म्हणून केस मागे घ्या असं मी त्याच्या नावावर सांगणार नाही. हक्काचं मागणं पाप नाही. तुमची केस मागे गेली तर आई आणि बहिणीचा वाटाही थोरल्याच्याच नावावर राहील, आणि त्याला गावात शांती म्हणतील.

आगमनकाळात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश वाचतात, तो लूकच्या तिसऱ्या अध्यायातला वाचा. लोक विचारतात, आम्ही काय करावं? तो कोणाला मन निर्मळ करा, ध्यान करा, असं सांगत बसत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला लुबाडू नये, पगारात भागवावं. सगळा हिशेबाचा मामला. प्रभूची वाट तयार करायची ती अशी.

तेव्हा क्रम असा लावा. सातबारा घेऊन आधी बहिणीकडे जा. तिला म्हणा, यात तुझे दोन वाटे आहेत, मी आजवर बोललो नाही. मग आईला तिच्या तोंडानं विचारा तिला काय हवंय. पाच वर्षांत दोघांपैकी कोणी विचारलेलं दिसत नाही. वकिलाला सांगून दाव्यातली मागणी नऊ वाट्यांप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि प्रकरण मध्यस्थीला किंवा लोकअदालतीत ठेवायला अर्ज द्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि पुढे अपील राहत नाही, म्हणजे नातवंडांपर्यंत भांडण जात नाही.

प्रभुभोजनाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वेदीपाशी देणगी आणली आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर देणगी तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, हे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. भावाच्या मनात, आपल्या नाही. पुढचं प्रभुभोजन यायच्या आत एकदा त्याच्या घरी जा. चर्चच्या आवारात गाठू नका. तिथे दहा लोक कान देऊन उभे असतात आणि माणूस मग त्यांच्यासाठी बोलतो. जमिनीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. आईच्या गोळ्यांचा खर्च निम्मा मी देतो म्हणा आणि त्या महिन्याचे पैसे टेबलावर ठेवा. तो दार लावून घेईल, असंही होऊ शकतं. पौलानं रोमकरांना लिहिलं, «शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके» सर्वांशी शांतीनं राहा. दोन-दोन अटी घातल्यात त्यानं. दार भावानं लावलं तर तुमच्याकडून व्हायचं ते झालं; डाव्या बाकावर त्यानंतर बसलात तरी पोटात गोळा येणार नाही. पण आधी जा तर खरं. आणि बहिणीला भेटून आल्यावर मला कळवा, मला त्या बाईची काळजी लागली आहे.

शेवटचं पत्र कुवेतहून. मूळ संगमनेरची मुलगी, स्टाफ नर्स:

«सिस्टर, माझी २४ ची रात्रपाळी लागली आहे. इथे २५ ला सुट्टी नसते, उपासना बहुतेक शुक्रवारी होतात, आणि माझ्या पाळ्यांमुळे आगमनाच्या एकाही उपासनेला जाणं झालं नाही. मुलगा सहा वर्षांचा, आईकडे आहे. फोनवर तो विचारतो तू कधी येणार, आणि मी मार्च म्हणते. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांचे तारे बघून फोन फेकून द्यावासा वाटतो. आगमन, वाट बघणं, हे सगळं ऐकून मला रागच येतो.»

राग येऊ दे गं पोरी. वाट बघण्याचं कौतुक सांगणारे बहुतेक जण घरीच असतात.

२४ ची रात्र मीही पुष्कळदा वॉर्डात काढली आहे. लूकमध्ये ज्यांना पहिल्यांदा बातमी मिळाली ते मेंढपाळ रात्री कळप राखत होते, म्हणजे कामावर होते. हे तू शंभर संदेशांत ऐकलं असशील. मला त्यातलं पुढचं आवडतं. ते जाऊन बाळाला पाहून आले आणि परत गेले. कुठे? कळपांकडेच. त्यांची पाळी काही संपली नव्हती.

काम सांगते. लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. १ डिसेंबरपासून रोज एक धरला तर २४ ला पुरतो. मधले सुटले असतील तर सोडून दे, आजच्या तारखेचा काढ. मुलाला वाचता येत नसेल तर तू तोच अध्याय तुझ्या आवाजात, चारपाच मिनिटांचा तुकडा, रेकॉर्ड करून पाठव. आजीनं त्याला झोपताना लावायचा. रोज त्याच वेळी. सहा वर्षांच्या मुलाला मार्च कळत नाही, रात्रीची गोष्ट कळते. गोष्टीत डुकरं सरोवरात पडतात तो आठवा अध्याय आणि झाडावर चढलेला जक्कय एकोणिसावा, हे दोन तो पुन्हा मागेल, तयारी ठेव.

२५ ला तुझी पाळी सकाळी सातला सुटेल, तेव्हा इकडे साडेनऊ वाजलेले असतील. आईला आजच सांगून ठेव, उपासना आटोपून त्यानं नवे कपडे घातलेले असताना व्हिडिओ कॉल करायचा, झोपेची पर्वा करायची नाही. घरची रिकामी गव्हाण त्यानं मांडलेली असू दे, आणि बाळ ठेवायचं ते तुझ्या कॉलवर, तू बघत असताना. चोवीसच्या रात्री कोणी ठेवायला निघालं तर आजीनं ते कपाटात कुलूप लावून ठेवावं. पाळकसाहेब रागावले तर माझं नाव सांग.